फॉर्ममधला चौथा रकाना

प्रिय घड्याळ,

या नावाने हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, कोण जाणे. तुझं खरं नाव लिहून पाहिलं, तर पत्र बँकेच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं, म्हणून फाडलं. तर आधी बातमी. माझी पटकथा पूर्ण झाली. चौऱ्याण्णव पानं. शेवटच्या पानावर ‘समाप्त’ लिहिलं आणि खाली दोन वेळा रेघ ओढली. हे सगळ्यात आधी तुला कळायला हवं, कारण सव्वा वर्षापूर्वी बसथांब्यावर तूच म्हणाली होतीस, ‘एक गोष्ट तरी शेवटपर्यंत नेलीस का रे आयुष्यात? चहासुद्धा अर्धा टाकतोस.’ तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असणार. पण त्या दिवसापासून चहा पूर्ण पितो. गार झाला, वर साय धरली, तरी.

करतोस काय हल्ली, असं विचारशील. अगं, काय करत नाही ते विचार. लहान मुलांच्या एका कार्टून मालिकेत मी गोगलगाय आहे. मी! पहिल्या दिवशी एका वाक्याचे अकरा टेक झाले. रेकॉर्डिंगवाल्या काकांनी शेवटी कानावरचा हेडफोन काढला आणि काचेपलीकडून म्हणाले, ‘बाळा, ही गोगलगाय आहे. हिला बस पकडायची नाहीये.’ आता सव्वीस भाग झालेत. एवढं हळू बोलायची सवय लागलीय की परवा दूधवाल्याशी भांडायला गेलो आणि वाक्य संपेपर्यंत तो निघून गेला. सध्या मी ताईकडेच राहतो, तिच्या शिलाई मशीनच्या मागच्या खोलीत. ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणते, ‘डॉक्टर व्हायला गेला नि गोगलगाय झाला. बरोबरच आहे. गोगलगाय नि पोटात पाय.’ हे तिचं बोलणं लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मग एका कारखान्यासाठी सुरक्षेवरची दहा मिनिटांची फिल्म लिहिली. त्यात हेल्मेट न घालणारा शहाणाही मीच. एका दिवसात चार वेळा मेलो. कामगार जेवणाच्या सुट्टीत गोल करून बघत होते. एक जण म्हणाला, ‘आणखी एकदा मरा ना, मागच्यांना दिसलं नाही.’ मी मेलो. कॉलेजात माझं ऐकायला इतकी माणसं कधी जमली नव्हती.

पण जीव अडकला होता तो पटकथेत. गोष्ट साधी आहे. घरसामान हलवणारा एक कामगार दिवसभर एका नवरा-बायकोचं घर खोक्यांत भरतोय, आणि त्यांवर पत्ते लिहिताना हळूहळू त्याच्या लक्षात येतं की सगळं सामान एकाच घरी जाणार नाहीये. तो कामगार मी करणार. त्यासाठी तीन दिवस खरोखरच्या टोळीबरोबर खोकी उचलली. तिथल्या मुकादमाने मला शिकवलं की ताटल्या एकावर एक आडव्या रचायच्या नाहीत, कागदात गुंडाळून उभ्या ठेवायच्या, म्हणजे फुटत नाहीत. कंबर मोडली, पण कमालीचा खूश होतो. अठ्ठ्याऐंशी पानं सुसाट झाली आणि तिथे घोडं अडलं ते चार महिने हललं नाही. आमच्या दिग्दर्शिका बाई आहेत, पन्नाशीच्या. डोक्यावरची टोपी घरातही काढत नाहीत म्हणून आम्ही त्यांना टोपीच म्हणतो. त्या रोज फोन करायच्या. ‘शेवट कुठंय? तुझा माणूस अठ्ठ्याऐंशी पानं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. त्याला सगळं दिसतंय, मग बोलत का नाही? भित्रा आहे की लेखक भित्रा आहे?’ मी फोन आपटला. मग परत उचलून सॉरी म्हणालो. ही माझी प्रगती समज.

आणि याच चार महिन्यांत मी पेशंट झालो. घाबरू नकोस, खोटा. तुमच्याच कॉलेजात डॉक्टर होणाऱ्या मुलांच्या सरावासाठी नट लागतात, हे तुला ठाऊकच आहे. तो विभाग बघणाऱ्या मॅडमनी मला एका नाटुकल्यात पाहिलं होतं. मी मागे याच कॉलेजातून पळालोय, हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग तर उत्तम, तुम्हाला रस्ता माहीत आहे.’ गेटवरच्या वॉचमनने मला ओळखलं आणि ‘आलात का परत?’ म्हणून हात मिळवला. ‘हो, पोटात दुखतंय,’ म्हणालो. आता मी पेशंटचं सोंग तर घेतोच, वर त्यांच्या केसही लिहितो. कामाचा नियम एकच. पेशंटने आपणहून काही सांगायचं नाही. नेमका प्रश्न आला, तरच उत्तर द्यायचं. विद्यार्थ्याने विचारलं नाही, तर त्याचे मार्क गेले.

सरावासाठी मी एक केस लिहिली होती. पोटदुखीचा तरुण, तपासण्या सगळ्या ठीक. खरी गोष्ट ही की त्याने नोकरी सोडलीय, घरी सांगितलेलं नाही आणि रोज सकाळी डबा घेऊन बागेत जाऊन बसतो. वीस जणांनी ती केस पाहिली. कुठे दुखतं, कधीपासून, जेवल्यावर वाढतं का. मी मुकाट उत्तरं देत होतो. एकविसाव्या मुलीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘घरी कुणाला कळलंय का हे?’ मी केसमध्ये लिहिलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि रडायला लागलो. रडणं केसमध्ये नव्हतं. ती पोरगी बिचारी मॅडमना बोलवायला धावली. मॅडम म्हणाल्या, ‘अभिनय जरा कमी करा.’

घरी आलो आणि मशीनच्या खडखडाटात बसून सहा पानं एका दमात लिहिली. माझा कामगार शेवटचं खोकं बंद करायच्या आधी चिकटपट्टी खाली ठेवतो आणि त्या घरच्या बाईला विचारतो, ‘हे कुणाच्या पत्त्यावर?’ एवढंच. ती फरशीवर बसते आणि बोलायला लागते. टोपीने वाचलं आणि टोपी काढली. आतून केस पिकलेत, आम्हाला माहीतच नव्हतं. बारा तारखेपासून शूटिंग.

आता ती केस मी कुठून उचलली, ते. घड्याळ, मी प्रयोगशाळेत सरांशी भांडलो, जर्नल फाडलं, दार आपटून गेलो, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. त्याआधीचे पाच महिने मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, हे कुणालाच माहीत नाही. ताई म्हणते तेच, पोटात पाय. तू शेजारी बसून भराभर लिहायचीस आणि मी तुझ्या वहीतलं उतरवायचो, अर्थ न कळता. ‘मला जमत नाहीये’ असं म्हणण्यापेक्षा भांडण सोपं होतं. चिडून गेलेल्याचा थोडा तरी रुबाब राहतो. आणि बसथांब्यावर तुझ्यावर भडकलो ते तुझ्या बोलण्यासाठी नाही. ‘काय झालंय तुला?’ एवढं तू विचारावंस म्हणून मी वाट बघत होतो. तू विचारलं नाहीस, म्हणून मनातल्या मनात तुझे मार्क कापले. पण मी दार आपटलं होतं, तोंडावर रागाचा पडदा ओढला होता, तू विचारणार तरी कुठून? तुला परीक्षा आहे हेच मी सांगितलं नव्हतं आणि नापास करून मोकळा झालो. खोट्या पेशंटला तो नियम शोभतो. मी तर खरा होतो. मीच सांगायला हवं होतं. ते आज सांगतोय, सव्वा वर्ष उशिरा, आणि तू वेळेची इतकी पक्की.

आता हे पत्र नेमकं आज, रविवारीच का, ते. गुरुवारी तुमच्या तुकडीची परीक्षा आहे आणि पेशंटांत मी आहे. (केस कुठली ते विचारू नकोस, त्याबाबतीत मी दगड आहे.) शुक्रवारी मॅडमनी आम्हाला परीक्षार्थींची यादी आणि एक फॉर्म दिला. यादीत तुझं नाव पाहिलं आणि हातातला चहा सांडला, पूर्ण प्यायच्या आत. फॉर्मचा तिसरा रकाना, ‘यांपैकी कुणी ओळखीचं आहे का?’ मी ‘होय’ लिहिलं. चौथा रकाना, ‘नातं’. तिथे आधी ‘काही नाही’ लिहिलं, आणि फॉर्म फाडला. मॅडमनी दुसरा दिला. त्यात चौथा रकाना कोराच ठेवून परत दिला. त्यांनी तो माझ्याच हातात ठेवला आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘कोरा चालत नाही हो. तुम्हाला ठरवता येत नसेल तर तिलाच विचारा, पण केसबद्दल चकार शब्द नको. बुधवारी दुपारपर्यंत द्या.’ तिथे काहीही लिहिलं तरी मला दुसऱ्या खोलीत बसवतील, तुझ्या मार्कांना धक्का नाही, ती काळजी सोड. काळजी त्या रकान्याचीच आहे. माझ्या मनात काय आहे ते मी लिहू शकतो, पण तिथे दोघांचं मिळून एकच उत्तर लागतं. हे पत्र मी स्वतः तुमच्या वसतिगृहाच्या पेटीत टाकतोय. बुधवारी बारा वाजता मी त्या विभागाबाहेरच्या बाकावर बसलेला असेन, फॉर्म घेऊन. तू आलीस तर तूच लिही. आली नाहीस तर मी ‘एकाच बाकावर बसायचो’ असं लिहीन. ते खोटं नाही. आणि दार न आपटता जाईन.

तुझाच (हे हाताने सवयीने लिहिलं, रकान्यासाठी नव्हे),
काडेपेटी