तेरा दिवसांची नोव्हेना

सोहार, ओमान
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तीर्थरूप ॲम्ब्रोजमामांच्या चरणी,

रसेलचा नमस्कार. आशीर्वाद उलट टपाली पाठवावा (उत्तर लिहायला जमलं नाही तरी आशीर्वाद तेवढा अडवून ठेवू नये). देवकृपेने इथे सगळे ठीक आहेत. पप्पांचा गुडघा बरा आहे, ऑड्रीची पाठ बरी आहे, माझं ब्लडप्रेशर मात्र बरं नाही आणि त्याला कारण पप्पा आहेत. आताच मिस्सेहून आलो (इथे रविवार हा कामाचा दिवस, म्हणून आम्ही रविवारची मिस्सा शुक्रवारी ऐकतो, देवाला चालतं असं फादर म्हणतात, मी अजून खात्री करून घेतलेली नाही). तुमची साखर कशी आहे? मामींचे दम्याचे दिवस सुरू झाले असतील. तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर फारच उत्तम, कारण हे पत्र तुम्ही स्वतः वाचावं, सूनबाईंकडून वाचून घेऊ नये.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. मामा, तुमचा फोन असतो सूनबाईंच्या हातात. तुम्हाला सकाळी पाठवलेली गोष्ट संध्याकाळच्या प्रार्थनेआधी अख्ख्या आळीला पाठ झालेली असते. म्हणून हे पत्र तानाजीबरोबर पाठवतो आहे. तानाजी माझ्याच प्लांटमधला, विरारचा, रविवारी सुट्टीवर निघतो आहे. माणूस चांगला. अकरा वर्षांत त्याच्यात एक खोट सापडली नाही, आणि नेमकी तीच गोष्ट मला खटकते. पाकिटाला तिन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून वर माझी सही केली आहे. सही मधोमध तुटलेली दिसली तर त्याला काही बोलू नका, फक्त मला कळवा.

तुम्ही म्हणाल, पोरगा फार संशयी झाला. पण मामा, वीस वर्षं मी पोलादाच्या कारखान्यात वेल्डिंग तपासतो. दुसऱ्याने जोडलेल्या जागी चीर शोधायची, याचा मला पगार मिळतो. चीर नसलेल्या ठिकाणी तर मी दोनदा बघतो. बायकोचा हक्क बजावत ऑड्री म्हणते, ही नजर गेटवर हेल्मेटबरोबर काढून ठेवत जा. ती काढता आली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

झालं असं. आई गेल्यापासून पप्पा आमच्याकडे राहतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ऑगस्टमध्ये त्यांच्या फोनवर एक सूचना आली. लढाईच्या काळात सैन्यात नसूनही ज्यांनी सेवा केली, म्हणजे ब्लॅकआउटचे वॉर्डन, स्ट्रेचर उचलणारे, भोंगे वाजवणारे, अशा सगळ्यांना माजी सैनिकांसारखा दर्जा द्यायचा म्हणून एक समिती बसली आहे. प्रमाणपत्र, छातीवर लावायचा बिल्ला, प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनाला पहिल्या रांगेत खुर्ची, आणि गावातल्या फलकावर नाव. गेलेल्यांसाठी घरच्यांनी अर्ज केला तरी चालेल. पैसा एक नाही. हे वाचल्याबरोबर मला घेरी यायची बाकी राहिली. पैसा मागत नाहीत म्हणजे हे भामटे नसावेत. पण पैसा देतही नाहीत, मग म्हातारे एवढे धावतात कशाला? मी तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या आवाजांत त्या कचेरीत फोन केले. समिती खरी निघाली. त्याहून वाईट म्हणजे पप्पांनी अर्ज भरायचा ठरवला.

आता ती घंटेची गोष्ट तुम्हाला मी काय सांगायची, तुम्ही स्वतः त्या पथकात होता. तरी थोडक्यात सांगतो, कारण पप्पा ती सांगायला लागले की तुम्ही नेमके पाणी प्यायला उठता, असं मी बरीच वर्षं पाहतो आहे. एकाहत्तर साल. आपल्या गावाला भोंगा नव्हता, स्टेशनावरचा भोंगा वाऱ्याची मर्जी असेल तरच ऐकू यायचा. म्हणून गावच्या पथकाने (एकूण पोरं सहा, शिट्ट्या दोन) ठरवलं की विमानाची खबर आली की चर्चची घंटा वाजवायची, लोकांनी दिवे मालवून जमिनीवर आडवं व्हायचं. लढाईआधी एका संध्याकाळी तालीम घेतली. म्हाताऱ्या घंटावाल्याने संधिवाताच्या हातांनी सावकाश एकेक ठोका दिला. आपल्याकडे सावकाश ठोका म्हणजे कुणीतरी वारलं. अख्खं गाव कंदील घेऊन ‘कोण गेलं, कोण गेलं’ विचारत चर्चकडे लोटलं. म्हाताऱ्या बायकांनी सोबत मेणबत्त्याही आणल्या. त्या दिवशी विमान खरंच आलं असतं तर साऱ्या वसईत त्याला एकटं आपलंच गाव लखलखीत दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी फादरांनी वेदीवरून जाहीर केलं, की सावकाश घंटा मेलेल्यांसाठी आणि भराभर घंटा अजून न मेलेल्यांसाठी. भराभर वाजवायला दमदार हात हवे होते, आणि या ठिकाणी पप्पा गोष्टीत शिरतात. लढाईचे तेरा दिवस, रोज संध्याकाळी अंधारात मनोऱ्यावर चढून, एकट्याने.

माझं निरीक्षण असं. माझ्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी सांगितलेल्या गोष्टीत घंटेचा दोर काथ्याचा होता. माझ्या लग्नात त्याची लोखंडी साखळी झाली. मनोऱ्याला पायऱ्या बेचाळीस, असं पप्पा सांगतात; मागच्या नाताळात मी चढून मोजल्या, एकतीस भरल्या. वर पोचल्यावर वाऱ्याची दिशा कोणती होती, असं विचारलं की पप्पांना खोकला येतो. आई तर ही गोष्ट सुरू झाली रे झाली की आत जाऊन नारळ खवायला बसायची. घरात नारळ नसला तरी. पाणी कुठेतरी मुरतंय हे मला तेव्हापासून वाटत होतं, पण घरातल्या घरात कोण खोदणार? आता मात्र प्रश्न प्रतिज्ञापत्राचा होता. मी पप्पांना समजावलं की शपथेवर खोटं लिहिणं गुन्हा आहे. ते म्हणाले, तुला काय वाटतं, मी खोटं लिहीन? मी त्यांना शिक्षेचं कलम वाचून दाखवलं. त्यांना उत्तर कळलं असावं, कारण त्या दिवसापासून अर्जाचा कागद घरातून दिसेनासा झाला.

आणि पप्पा रोज चार वाजता घराबाहेर पडू लागले. सप्टेंबरमध्ये सोहारला दुपारी चार वाजता मांजरसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही. पप्पा मात्र दाढी करून, मिस्सेचा शर्ट घालून, पिशवी घेऊन निघायचे. विचारलं तर म्हणायचे, वॉक. एक दिवस मी गाडीतून त्यांच्यामागे गेलो. माणसाच्या चालीने गाडी चालवणं फार अवघड असतं, मागचे सगळे हॉर्न वाजवतात. पप्पा शिरले हवाबीच्या दुकानात. हवाबी म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली टेलर, मूळची रत्नागिरीकडची, विधवा, तीस वर्षं इथे अबाया (इथल्या बायकांचे काळे झगे) शिवते आहे. दीड तास पप्पा बाहेर आले नाहीत. आठ दिवसांत सात खेपा मी मोजल्या. पप्पांकडे पँटी एकूण चार. त्या किती वेळा आत घेणार? ऑड्रीला सांगितलं तर ती म्हणाली, “रसेल, पप्पा हॅपी आहेत ना, मग लेट इट बी!” तिला संशय आला नाही, म्हणून मला तिचाच संशय आला.

त्यातच फोटो स्टुडिओवाल्याचा फोन आला (पप्पा सगळीकडे माझाच नंबर देतात). मी प्लांटमध्ये होतो, हातात ग्लव्हज, फोन स्पीकरवर, आणि शेजारी आमचा ओमानी साहेब मजीद. तो तीस वर्षं आपल्या लोकांत काढलेला, त्याला हिंदी पक्की समजते. स्टुडिओवाला ओरडला, “सर, आपका वो लेडीज फोटो रेडी है, बडा करके!” मजीदने माझा खांदा थोपटला, “मब्रूक, यल्ला, जाओ” (म्हणजे अभिनंदन, चल, नीघ) म्हणाला आणि मला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. ती सुट्टी मी हसत घेतली नाही, एवढंच सांगतो.

स्टुडिओत न जाता मी थेट हवाबीचं दुकान गाठलं. पप्पा स्टुलावर बसले होते, हवाबी चष्मा लावून काहीतरी लिहीत होती. मी जे बोलू नये ते बोललो. आईला जाऊन दोन वर्षं झाली नाहीत, असं सुरू करून बरंच पुढे गेलो. हवाबीने सगळं ऐकून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, “बस रे बाबा. आधी वाच, मग भांड.” तिने अर्ज माझ्याकडे फिरवला. अर्जदार: इनास, म्हणजे पप्पा. सेवा करणाऱ्याचं नाव: कार्मेन. तेव्हाचं वय: सतरा. सेवा: हवाई हल्ल्याची घंटा वाजवणे, तेरा संध्याकाळी. शेजारी आईच्या सतराव्या वर्षीच्या फोटोची जागा कोरी होती.

पप्पांनी मान वर केली नाही. म्हणाले, “मी वर गेलोच नव्हतो रे. ती गेली.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अंधारात पोरांच्या पथकाबरोबर मनोऱ्यावर चढणारी मुलगी म्हटल्यावर आजोबांनी तिला घरात कोंडलं असतं, म्हणून घंटा पप्पा वाजवतात असं गावात सांगायचं ठरलं. लढाई संपली, लग्न झालं, तोवर गोष्ट पप्पांना आवडायला लागली होती. नंतर ती परत करायची कशी हे त्यांना कळेना. आईने कधी मागितली नाही. ती जाईपर्यंत मागितली नाही. आता ती गोष्ट माझ्यासमोर बसून लिहायची पप्पांना लाज वाटली, म्हणून हवाबी. तिचं मराठी अक्षर वळणदार आहे आणि ती उलट प्रश्न विचारत नाही (हे दोन्ही गुण आमच्या घरात नाहीत).

मामा, खरं सांगतो, दुकानात त्या कापडांच्या ढिगात बसून मी रडलो. चाळीस वर्षं मी दोर तपासला, पायऱ्या मोजल्या, पण आई उठून आत का जाते हे एकदाही जाऊन विचारलं नाही. फलकावर तिचं नाव लागावं, एवढंच आता पप्पांना हवं आहे. मलाही. इतकं मला गेल्या कित्येक वर्षांत काही हवंसं वाटलेलं नाही.

एक शंका मात्र राहिली. आजोबांना घरी काय सांगितलं होतं? पप्पा म्हणतात, कार्मेन नोव्हेनेला जाते, असं तिच्या मोठ्या भावाने सांगितलं होतं, आणि तो रोज तिला सोबत न्यायचा. मामा, नोव्हेना नऊ दिवसांची असते. लढाई तेरा दिवस चालली. उरलेले चार दिवस आजोबांना तुम्ही काय सांगितलंत, हे कळलं तर माझं ब्लडप्रेशर थोडं उतरेल.

मामींना नमस्कार. सूनबाईंना काही सांगू नका. मुलांना माझे गोड पापे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
रसेल

ता. क. पाकिटात एक निळा कागद आहे. त्याकडे आधी लक्ष गेलं नसेल तर आता जाऊ द्या. साक्षीदार त्याच गावचा आणि त्या काळी सज्ञान असलेला हवा, अशी अट आहे. पथकातल्या सहा पोरांपैकी चौघं चर्चमागच्या दफनभूमीत आहेत आणि पाचवे पप्पा, ते अर्जदार. पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे सही करावी. शेवटची तारीख वीस. सही होईपर्यंत तानाजी तुमच्या ओट्यावर बसून राहील. त्याला सहीआधी चहा देऊ नये.

ता. क. दुसरं. आतापर्यंत आलेल्या अर्जांची यादी तालुक्याला लावली आहे, तिचा फोटो तानाजीच्या भावाने पाठवला. चौदाव्या क्रमांकावर ‘ॲम्ब्रोज, हवाई हल्ल्याची घंटा वाजवणे, तेरा दिवस’ असं आहे. गावात दुसरे ॲम्ब्रोज असतील, असं मी स्वतःला समजावलं. पण पत्ता तुमचा आहे आणि फोन नंबर सूनबाईंचा. एका घंटेला एकच नाव, असा नियम आहे. मी काही म्हणत नाही. मला वाटलं होतं पप्पा संतापतील. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, मी पन्नास वर्षं सांगितली, ॲम्ब्रोजने तीन महिने सांगितली तर काय बिघडलं!

ता. क. शेवटचं. पप्पांनी अर्जाला स्वतःची जबानी जोडली आहे, ती मी तपासून याच पाकिटात घातली आहे. त्यात एकही चीर नाही. फक्त एका ओळीत जागा कोरी सोडली आहे. ओळ अशी: ‘घंटा वाजत असताना मी तेराही संध्याकाळी चर्चमागच्या खंदकात कानांवर हात ठेवून पालथा पडून होतो, आणि माझ्या शेजारी तसेच पालथे पडलेले होते श्री. ____________.’ नाव मी लिहितो म्हणालो तर पप्पांनी कागद काढून घेतला. म्हणाले, असू दे, ॲम्ब्रोजचं अक्षर चांगलं आहे, ते त्यालाच भरू दे.