आप्पांच्या टाचेला लावलं नाही

मंगळवार, संध्याकाळ. वडगाव.

आज जमलं! कारवारच्या समुद्रातून आणलेले जिवाणू जो चिकट पदार्थ तयार करतात, त्याचा पातळ पडदा आम्ही प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींवर ठेवला होता. पेशींच्या थरात मुद्दाम पाडलेली फट त्याच्याखाली मिटली. पडदा नसलेल्या बशीत ती अजून उघडीच आहे. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

घरी येऊन आप्पांना सांगितलं, तर त्यांनी यंत्रमाग बंद केला आणि पाय पुढे केला. शुगरमुळे टाचेवरची जखम दोन महिने भरत नाही, पण दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत.

"मग लाव की ह्याला."

"न्हाय आप्पा. माणसावर अजून तपासलं न्हाय."

"तुझ्याच औषधावर तुझा विश्वास न्हाय व्हय गं पोरी?"

हे लागलं. लिहितानाही लागतंय. खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, एक तुकडा आणावा, कुणाला कळणार? पण बशीतल्या पेशींना शुगर नाही, पू नाही. आप्पांच्या टाचेत दोन्ही आहे. विश्वास नाही म्हणे!

मी म्हटलं, "विश्वास लई हाय, म्हणूनच घाई करत न्हाय. माझं औषध यायला वेळ लागंल, पण येणार. तोवर तुमचा पाय टिकाय पाहिजे. उद्या दवाखान्यात चला."

आप्पांनी पाय मागे घेतला. मग म्हणाले, "किती वाजता जायचं?"