पद्मजा येईपर्यंत कडधान्य

७ डिसेंबर, रविवार
काल पद्मजाला पुण्याच्या विमानात बसवलं. लेकीचं, संपदाचं बाळंतपण. संक्रांतीला परत. बजेटमुळे मला रजा नाही, सेक्शन माझ्यावाचून ठप्प होतं. बरंच झालं. तोवर वजन उतरवतो. एअरपोर्टवर बायकोने नवऱ्याला ओळखता कामा नये.
उपाय सोपा. फक्त कडधान्यं. प्रोटीन, फायबर, भूक गायब. भात-पोळी बंद. मटकी भिजत घातली, दोन किलो.

८ डिसेंबर
मटकी फुगते हे कुणी बोललं नव्हतं. दोन पातेली, कुकर आणि देवाचं ताम्हन भरलं. फडक्यात बांधून ओट्यावर ठेवली.

१० डिसेंबर
मोड नाहीत. वास आहे. पद्मजाला सहज फोन केला. ती म्हणाली, दिल्लीच्या थंडीत मोड ओट्यावर येत नाहीत, पुरचुंडी रजईत ठेवावी लागते. म्हणजे इतकी वर्षं हिवाळ्यात माझ्या पायाशी मटकी झोपत होती आणि मला पत्ता नाही. वास आलेली फेकली. बरी होती ती धुऊन पलंगावर तिच्या बाजूला ठेवली, रजईत.

१३ डिसेंबर
मोड आले! उसळ केली. एका माणसापुरती उसळ होतच नाही. खालच्या मजल्यावरच्या नरसिंहांना डबा दिला. डबा रिकामा परत करायचा नसतो हे त्यांच्या हैदराबादेतही पाळतात. मेदुवडे आले. उडीद, म्हणजे कडधान्यच. सगळे खाल्ले.

१९ डिसेंबर
बनियन घ्यायला करोल बागेत गेलो. छोले खाल्ले. भटुरे होते, पण ते चमच्याच्या जागी. दुकानदार दोनदा म्हणाला, "और लीजिए ना, बाबूजी." घरी आग्रह करायला कुणी नाही. घेतले.

२१ डिसेंबर
पुन्हा करोल बाग. बनियनचं माप चुकलं होतं. थंडीत कापड आटतं. छोले.

२४ डिसेंबर
संपदाला मुलगी झाली. मी आजोबा! व्हिडिओ कॉल अडकत होता, बाळाचा एक कान दिसला. कान देखणा आहे. सेक्शनमध्ये वाटायला मूगडाळीचा हलवा नेला. सगळे रजेवर. बजेट कुणाच्या लक्षात नसावं. हलवा परत आणला. मूग पचायला हलके असतात.

२ जानेवारी
शेंगदाणे शेंगेत येतात, तेव्हा चिक्कीही नियमात बसते. वजनकाटा बिघडलाय, तीन किलो जास्त दाखवतो. रोज संध्याकाळी कुलूप उघडून "आलो गं" म्हणतो. सवय आहे, दुसरं काही नाही.

११ जानेवारी
घर आवरलं. संपदाच्या लग्नातला बंदगळा कोट काढला, एअरपोर्टसाठी. बटण लागत नाही. कापड आटलं.

१२ जानेवारी
पद्मजाचा फोन. बाळ झोपू देत नाही, संपदाला एकटीला झेपत नाही. पाडव्यापर्यंत राहू का, विचारत होती. मी म्हणालो, बिल्कुल राहा, मी मजेत आहे, डाएट जोरात चालू आहे.
"अहो, खरंच चालेल ना? नीट जेवता ना?"
चालेल म्हणालो. वजन उतरलं का म्हणाली. हो म्हणालो. मग तिकडे बाळ रडायला लागलं आणि तिला फोन ठेवावा लागला. मला अजून बोलायचं होतं.

१४ जानेवारी, संक्रांत
डाएट बंद. बंदगळा पुन्हा कपाटात. तिळगूळ कुणाला द्यायचा, म्हणून नरसिंहांकडे गेलो. त्यांनी पोंगल खाऊ घातला. त्यातही मूग होते, पण आता कशाला लिहायचं.
परत येताना वाटी-दोन वाटी मटकी आणून भिजत घातली. उसळ करायची नाही. पण मोड येताना पुरचुंडी जराशी गरम होते, आणि रजईची ती बाजू फार गार पडते. उद्या बांधून तिथे ठेवेन.