हाताच्या मापाचे लाटणे

मुक्काम गिरगाव, कार्तिक वद्य पंचमी, शके १८१६

लाटणी एकशे चौदा (सदोष म्हणून मीच चुलीत घातलेली पाच यांत धरलेली नाहीत), पोळपाट एकतीस, ताकाच्या रव्या बावीस, भोवरे किती ते मोजायचे राहिले (मोजायला हवे होते), आराम सोडून बाकी सर्व देणारी एक आरामखुर्ची, आणि हे सगळे ज्यावर कातले तो, जुन्या शिवणयंत्राच्या पायट्यावर बसवलेला लेथ. इतके या दोन हातांनी, कोणाही गुरूची छडी न खाता घडवणारा आपला मेहुणा जयवंत याचा रा. रा. रघुवीरराव यांस शिरसाष्टांग नमस्कार. आपल्या गुडघ्याला कुळथाचा शेक चालू असेलच. वहिनींचा खोकला कमी आहे काय? म्हैस दुधावर आली काय? आणि नऊ दिवसांपूर्वी (उद्या आगबोटीच्या वेळेला दहा होतील) हवापालटासाठी आपल्याकडे आलेली आपली धाकटी बहीण कशी आहे?

हवापालट हा शब्द मी चाळीत सांगितला आहे. खरे कारण तिने आपल्याला सांगितले असेल. नसेल तर माझ्याकडून ऐका. परळच्या एका गिरणीने (नाव घालत नाही, उगाच कोणाला वाईट वाटेल) माझ्या जुन्या सोबत्याच्या, आनंदाच्या हाती निरोप पाठवला की आमच्या लाकूडखात्यात या. मी उभ्याउभ्या नकार दिला. ही गोष्ट आमच्या कुटुंबाला सतरा दिवसांनी, खाली नळावर, खालच्या मजल्यावरच्या शेवंतीबाईंच्या तोंडून कळली. तिचा राग नकारावर आहे, नळावर आहे की सतरा दिवसांवर, ते मला अजून उमगलेले नाही. तिने हंडा खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि पेटी भरायला घेतली.

आता माझी बाजू ऐका. आठ वर्षांपूर्वी मी गिरणीचे मिस्त्रीखाते सोडले तेव्हा आपणच विचारले होते की, जयवंतराव, खाणार काय? मी म्हणालो होतो, भात आणि पिठले. ते वचन मी पाळले आहे. दोन धोतरे, एक कोट (कोपराला ठिगळ, पण ठिगळ सरळ), आणि दिवसभर पायाखाली लेथ. शिसवाचा तुकडा फिरू लागला की त्याची साल जिलबीसारखी वळत खाली पडते, आणि आत दडलेले लाटणे हळूहळू बाहेर येते. त्या वेळी कोणी मला गव्हर्नराची बग्गी देऊ केली असती तरी मी त्याला जरा बाजूला उभा राहा, उजेड अडतो, असेच म्हटले असते. हे सुख खरे आहे, रघुवीरराव. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

तथापि मला पूर्णतेची खोड आहे. बाजारात मिळणारी लाटणी सगळ्या बायकांना एकाच लांबीची, हे मला पहिल्यापासून खटकत असे. टोपी डोक्याच्या मापाने घेतो, जोडा पायाच्या मापाने, मग लाटणे हाताच्या मापाने का नको? म्हणून गेल्या श्रावणात मी शेवंतीबाईंच्या तळहाताला दोरा लावून माप घेत होतो, तोच त्यांचे यजमान धर्माजी दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "काय हो जयवंतराव, लाटणं करताय की बांगड्या भरताय?" (बांगड्या भरणारा कासार सोडला तर परक्या बाईचा हात कोणी धरू नये, हे मला ठाऊक होते; पण शास्त्रीय कामात माणसाला विसर पडतो.) तेव्हापासून मापे आणायचे काम आमच्या कुटुंबाकडे गेले. ती दुपारी घरोघर जाऊन अकरा बायकांचे अकरा दोरे घेऊन आली. कोणाचा कोणता हे कळावे म्हणून तिने पहिल्याला एक गाठ मारली, दुसऱ्याला दोन, अशा अकरापर्यंत. युक्ती नामी होती. फक्त गाठ मारली की दोरा आखडतो, दर गाठीला पाव इंच, हे मी पट्टीने ताडून पाहिले. आणि माप अचूक यावे म्हणून मी सगळ्या गाठी सोडून टाकल्या.

पुढचे आपण ताडले असेलच. अकरा लाटणी अकरा चुकीच्या घरी गेली. शेवंतीबाईंच्या सासूला दहा इंचांचे आले आणि शेवंतीबाईंना चौदा इंचांचे. म्हातारीने ती दोन्ही लाटणी हातांत धरून गॅलरीत आणले आणि सगळ्या मजल्यांना दाखवले. "बघा गं बायांनो, या घरात आता मोठं कोण ते! सुतारसुद्धा ओळखून आहे!" (मी सुतार नव्हे. पण ती वेळ दुरुस्ती करण्याची नव्हती.) चार दिवस त्या घरात पोळी झाली नाही. शेवटी आमचे कुटुंब खाली गेले आणि सांगून आले की "दोरे माझ्याच हातून मिसळले, यांचा काही दोष नाही". मी आत लेथवर होतो. मला सगळे ऐकू येत होते. मी पाय चालूच ठेवला.

परत आलेली ती अकरा लाटणी घेऊन गेल्या गुरुवारी मी पायी वरळीच्या कोळीवाड्यात गेलो. म्हटले, इथे जुने भांडण नाही, नवे गिऱ्हाईक मिळेल. सोनूबाई नावाची एक कोळीण सुकत घातलेले बोंबील राखत बसली होती. तिने एक लाटणे उचलले, फिरवले, वास घेतला आणि मला विचारले, "ह्याचं काय करू? आमची भाकर हातावर थापायची. ह्यानं नवऱ्याला बडवू? त्याला तर रोज दर्याच बडवतो!" चार जणी हसल्या. मीही हसलो, दुसरे काय करणार? मग ती म्हणाली, "काम बाकी झ्याक हाय हां तुझं. तुझी बायको नशिबाची. तिचं कसलं हाय, शिसवाचं?"

रघुवीरराव, मी हातातली लाटणी पुन्हा मोजायला घेतली.

सोनूबाईने एक लाटणे दाराला अडसर म्हणून ठेवून घेतले आणि त्याबद्दल सहा सुके बोंबील दिले. ते घेऊन घरी आलो आणि आमच्या फडताळातले लाटणे बाहेर काढले. ते आपल्या मातोश्रींनी लग्नात दिलेले, अठरा वर्षांचे. पट्टी लावून पाहिले. मध्ये खोलगट झालेले, एका टोकाला किंचित वाकलेले. पोळीच्या कडा जाड राहतात म्हणून मी अठरा वर्षे ताटावर बसून नावे ठेवत आलो, आणि त्यातली शेवटची आठ वर्षे तर लेथ तिच्या चुलीपासून चार हातांवर होता.

तेव्हा, आपल्या गुडघ्याला आराम पडो, वहिनींना ठसका न लागता झोप लागो, आणि या पत्रातला मजकूर म्हशीखेरीज कोणासमोर मोठ्याने वाचला न जावो, एवढे मागून लेखणी खाली ठेवतो.

आपला,
जयवंत

ता. क. : शिसवाचा एक उत्तम तुकडा जपून ठेवला होता, तो कालपासून लेथवर चढवून बसलो आहे. कातता येत नाही. अकरा जणींची मापे तिने आणली. तिचे स्वतःचे माप कोणीच घेतले नाही. तरी कृपा करून तिच्या उजव्या तळहाताला दोरा लावून तो पाकिटातून पाठवावा. गाठ मारली तरी चालेल, मी सोडणार नाही. परंतु दोरा टपालात आखडतो असा अनुभव आहे. हातच आगबोटीने आला तर माप चुकायचे नाही.

ता. क. दुसरा : म्हशीसमोर वाचा असे वर लिहिले आहे ते रद्द समजावे. यापुढचे आपल्या बहिणीला वाचून दाखवावे. शेवंतीबाईंना निरोप अर्धाच ठाऊक होता, म्हणून तिलाही अर्धाच कळला. उरलेला तरी माझ्याकडून कळावा. ती गेल्यापासून पाणी मी भरतो. नळापासून आमच्या दारापर्यंत पायऱ्या एक्कावन्न. मी जगातले सगळे मोजले, या पायऱ्या मोजल्या नव्हत्या. ती दिवसाला आठ खेपा करी. मी तिसऱ्या खेपेला जिन्यात बसतो. आनंदा आला तेव्हा त्याला पुरते बोलूही न देता मी नाही म्हटले, कारण गिरणीला हव्या होत्या सूत गुंडाळायच्या बॉबिन, सगळ्या एकाच मापाच्या, आणि एकाच मापाचे काम मी करत नाही. तो जिना उतरता उतरता जे सांगून गेला ते असे : हाताखाली चार माणसे, दरमहा पंचेचाळीस रुपये, परळला तळमजल्यावर दोन खोल्या, आणि स्वयंपाकघरात नळ.