टेबलाच्या कडेची खुंटी

१२ एप्रिल, रविवार
संक्रांतीनंतर वहीला हात लावला नाही. चुकलंच. कारण द्यायला बसलो तर ते अर्धं खोटं निघेल, म्हणून देत नाही.
सध्या डोक्यात खुंटी. बियाणे कंपनीचं आमचं ऑफिस म्हणजे एक खोली, सहा टेबलं. बायकांचे सनकोट खुर्चीवरून घसरतात, चाकाखाली येतात. जागा भाड्याची, भिंतीला भोक पाडता येत नाही. साहेब म्हणाले, "मेंटेनन्सचे ना तुम्ही? मंग काढा काही तरी." टेबलाच्या कडेला चिमट्यासारखी बसेल, नको तेव्हा मिटेल, अशी हवी. सकाळपासून बाभळीचा काटा, शेळीचं शिंग, आभाळातली फिकट कोर, जे वाकडं दिसेल त्याला मनातल्या मनात कोट टांगून पाहतोय.

१५ एप्रिल
एमआयडीसीत रफिकभाईंच्या वर्कशॉपात. सळईचा वाक चौथ्यांदा बदलायला लावला. "साहब, कोट टांगायचा का हत्ती? इत्ता सोचून राह्यले!" टोक बारीक ठेवलं. कॉलरीच्या आत शिवलेली पट्टी असते, तीत सहज शिरावं म्हणून. मिटली की आगपेटीएवढी. दिवसभर खिशात घेऊन हिंडलो. उगीच.

१६ एप्रिल
पहिली खुंटी शोभाताईंच्या टेबलाला. त्या डिस्पॅच पाहतात. आधी कोट टांगला, त्यावर डब्याची पिशवी, त्यावर हेल्मेट. खुंटी दिसली की माणूस सगळंच टांगतो. पंख्याच्या वाऱ्यात निळ्या फुलांचा तो कोट संथ हलत होता, आणि खोली हातभर रुंद झाल्यासारखी...

१७ एप्रिल
कोट कॉलरीखाली बोटभर फाटला. त्यांच्या वाटूर गावच्या बहिणीनं शिवलेला. शोभाताई शेजारच्या टेबलावरच्या सुनीतावर घसरल्या. "तुला जायला जागा पायजे होती, वढला असशील."
"ताई, मी हात बी न्हाई लावला. आईशप्पत."
"मंग काय भुतानं फाडला?"
सगळे चहाला गेल्यावर पाहिलं. खुंटीच्या टोकाला निळा धागा. काढून खिशात ठेवला. टाकून दिला नाही, दाखवलाही नाही. का?

१८ एप्रिल, शनिवार
चूक कळली. आपल्याकडचे सनकोट घरी नाही तर शिंप्याकडे शिवलेले, आत टांगायची पट्टीच नसते. कापडच टोकावर बसतं. माप मी घेतलं माझ्या लग्नातल्या कोटावरून! सनकोट एकदाही हातात घेतला नाही. बायकांचा कपडा मागायचा कसा, म्हणून.
साहेब खूश. "बराबर जमलं. बाकीच्या ऑफिसांना पण लावू." मी हो म्हणालो. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं.
सुनीतानं डबा एकटीनं खाल्ला. एरवी दोघींचं लोणचं एकच.

१९ एप्रिल
बायकोचा सनकोट मागितला. "कपाटात इतकी वर्षं लटकून राह्यला, आज बरा दिसला!" टोकाऐवजी बोराएवढी गोळी असावी. कागदावर काढून दाखवलं. तिनं विचारलं, "शोभाताईला सांगितलं का?" मी गोळीचा व्यास लिहीत बसलो.
दुपारी डोळा लागला. मोकळं रान, हवेत खुंट्याच खुंट्या, त्यांवर सनकोट. आत कोणी नाही, तरी सगळे माझ्याकडे पाठ करून उभे.

२० एप्रिल
रफिकभाईंनी बेअरिंगची गोळी वेल्ड करून दिली. जुनी खुंटी काढली, नवी बसवली. शोभाताईंना म्हणालो, "थोडी सुधारणा केली." हे खरंच आहे. म्हणूनच जास्त लागलं.

२२ एप्रिल, बुधवार
आज तिसरा दिवस. रफू केलेला कोट, पिशवी, हेल्मेट, सगळं त्या गोळीवर निवांत. पाहत राहावं असं. शोभाताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा भाऊ, बोलल्यापासून कोटाला काही झालं न्हाई. कोणी कोणी सुधरतं बोलल्यावर." सुनीता मान खाली घालून टाइप करत राहिली.
माझी खुंटी आता तिच्याविरुद्धचा पुरावा झाली.

उद्या: निळा धागा शोभाताईंच्या टेबलावर ठेवणे, सुनीता जागेवर असताना.