खंडेनवमीला निजवलेला रिले उठवण्याबाबत

प्रति,
मा. विद्युत निरीक्षक,
बीड.

विषय : खंडेनवमीपासून विश्रांतीवर असलेल्या अर्थ फॉल्ट रिलेस कामावर हजर होण्याचे आदेश देणेबाबत.

संदर्भ : तलवाड्याजवळील सौर प्रकल्पाच्या चौकशी समितीचे पत्र, दि. ५ डिसेंबर २०२५.

महोदय,

१. माझे वडील राधाकिशन गव्हाणे या प्रकल्पात पॅनलखालचे गवत कापत. दिवाळीनंतर एका सकाळी दवाने ओले गवत कापताना त्यांनी ट्रान्सफॉर्मरभोवतीच्या जाळीचा आधार घेतला आणि ते तिथेच गेले. जाळीची अर्थिंगची पट्टी सुटलेली होती, हे समितीलाही मान्य आहे.

२. वीज अशी भलतीकडे वाहू लागली की भोंगा वाजवून पुरवठा तोडणे हे रिलेचे काम. तो गप्प का राहिला, हे दहाव्याला आलेले सुपरवायझर बंकटराव आपणहून बोलले : "ताई, खंडेनवमीला मशीनला इसावा द्यावाच लागतो. इन्व्हर्टर बंद केला तर वीज बुडती. मग जे नुसतंच वरडतं, त्यालाच झोपवलं. हार घातला, नारळ फोडला. उठवायचं ध्यानातच न्हाई राहिलं, बगा."

३. परंपरेबद्दल माझी तक्रार नाही. आमच्याकडे त्या दिवशी विळाही पूजतात; दसऱ्यानंतर तो कामाला लागतो.

४. समिती म्हणते, भोंगा वाजला नाही म्हणून दोष नव्हता. दोष नव्हता म्हणून धक्काही नव्हता. शवविच्छेदन अहवालात मात्र विजेचा धक्का लिहिला आहे. तेव्हा तो अहवाल 'मशीनच्या नोंदीशी सुसंगत करून आणावा' असे आम्हाला कळवले आहे. ते कसे करावे, याचा नमुना पत्रासोबत नाही.

५. दरम्यान, खंडेनवमीपासून एकही दोष न नोंदवल्याबद्दल कंपनीच्या मुख्य कार्यालयाने या प्रकल्पाला सुरक्षेची ढाल दिली. फोटोत ती रिलेच्या पेटीवर ठेवली आहे. बाजूला वाळलेला हार दिसतो.

६. दुःखात सहभाग म्हणून कंपनीने वडिलांचे काम माझी आई कडूबाई हिला दिले आहे. मी अडवले, तर म्हणाली, "घरात बसून भिंतीकडं किती बगू? तिथलं गवत काय थांबलंय व्हय?" सोमवारी, २२ तारखेला, ती त्याच जाळीपाशी जाईल.

वडिलांच्या मृत्यूचे कारण समितीने तूर्त हवे ते लिहावे. त्यासाठी भांडायला मला आयुष्य आहे. आपण मात्र सोमवारच्या आत यावे, पट्टी जोडून घ्यावी आणि समोर उभे राहून तो भोंगा एकदा वाजवून पाहावा. आमच्या घरापर्यंत आवाज येतो. तो ऐकू आल्याशिवाय मी आईची भाकरी बांधणार नाही.

आपल्या येण्याकडे कान लावून असलेली,
विजयमाला राधाकिशन गव्हाणे
तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड
दि. १८ डिसेंबर २०२५

सोबत : समितीचे पत्र, शवविच्छेदन अहवाल (आहे तसा), ढालीचा फोटो.