ताईचा पलंग

३ मार्च
ताई परत पडद्यावर इस्त्री ठेवून झोपली. पडदा गिऱ्हाइकाचा, शिवायला आलेला. भर दुपारी जळका वास आला म्हणून धावलो. हलवलं तर म्हणते, "पाठ दुखत होती रे, एकच घेतली." एकच! पाकीट निम्मं रिकामं. पाठीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या या. पाठ केव्हाच बरी झाली. गोळ्या राहिल्या.

भावजी बसवर ड्रायव्हर. पाळी संपवून आले, पडद्याचं भोक बघितलं आणि खाली बसले. मग मला म्हणाले, "भिंगरी, तू रिकामाच आहेस. हिला ठेवायचं कुठे, ते तू बघ. माझ्यात आता जीव नाही."

रिकामा म्हणजे — प्रदर्शनांचे तंबू उभारायचं काम संपलं म्हणून आलोय. पण म्हणाले ते खरंच.

५ मार्च
फिरलो. व्यसन सोडवायची केंद्रं पुष्कळ, पण बहुतेक ठिकाणी दारातच — "बायकांची सोय नाही." एकाने तर विचारलं, "बायकासुद्धा?" म्हटलं, हो, बायकांनासुद्धा पाठ असते.

वाटेत पुलाचं काम चाललं होतं. क्रेनवाला एवढी मोठी तुळई अशी अलगद ठेवतो, जसं झोपलेलं मूल! बघत उभा राहिलो, एक बस गेली, दुसरी गेली. शाळेत मास्तर म्हणायचे, याने डोकं खिडकीबाहेर भाड्याने दिलंय. भाडं अजून आलेलं नाही.

७ मार्च
एक सापडलं. मोठी इमारत, खिडक्यांना जाळ्या. तिथला मॅनेजर म्हणाला, "तुम्ही फक्त पत्ता द्या. गाडी येईल, दोन बायका उचलून आणतील. पेशंट राजी असो नसो." तीन महिने भेट नाही, फोन नाही. जागा स्वच्छ होती, खोटं कशाला लिहू. पण ओळीने बसलेल्या बायकांपैकी एकीनेही मान वर करून मी कोण ते बघितलं नाही.

भावजींना पसंत. "तीन महिने झोप तरी लागेल." कुणाला, ते बोलले नाहीत.

१० मार्च
दुसरं. साधं घर, मोजके पलंग, सगळे भरलेले. चालवणाऱ्या बाई शिडीवर चढून पंखा पुसत होत्या, वरूनच बोलल्या. मी रामायण सुरू केलं तर थांबवलं. "तुम्ही नाही. तिने स्वतः फोन करायचा. रोज सकाळी. जागा झाली की तिलाच सांगू."
"एखाद्या दिवशी राहिला तर?"
"दुसऱ्या दिवशी करायचा."
"केलाच नाही तर?"
"मग तिला यायचं नाहीये."

भावजी म्हणाले, "जी सकाळी डोळे उघडत नाही ती फोन करणार? आठवडाभर बघतो. मग गाडी."

ताई शिवण उसवत होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "चिमीच्या देखत मला उचलून नेऊ नका रे. करते मी फोन." चिमी म्हणजे माझी भाची, नुकती शाळेत जायला लागलीय.

१२ मार्च
केला! आतल्या खोलीत, दार लोटून. बाहेर येऊन म्हणाली, "पलंग नाही म्हणाल्या."

१३ मार्च
केला. पलंग नाही.

१६ मार्च
केला. पलंग नाही.

तंबूवाल्या मुकादमाचा मला फोन — नदीपलीकडे मोठं प्रदर्शन आहे, ये. परवा येतो म्हटलं. दोन परवे होऊन गेले. ताई म्हणते, "जा ना. तू एका जागी राहिलास तर वर आईला धक्का बसेल." दोघंही हसलो. हसते तेव्हा पहिली ताई दिसते. मग सुईत दोरा जाईना. मी ओवून दिला. ती बघत राहिली, दोऱ्याकडे नाही, माझ्याकडे.

१९ मार्च
पलंग नाही. गोळ्या वाढल्यात. चिमीने गादीखालून पाकीट काढून मला आणून दिलं, "मामा, आईचा खाऊ."

भावजी म्हणाले, "आठवडा झाला. रविवारी गाडी येईल, सांगून ठेवलंय." आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडलो असतो. नुसतं बघत राहून माणूस इतकं दमतं कसं?

२० मार्च
पलंग नाही. उद्या त्या बाईंशी जाऊन भांडतो.

२१ मार्च
गेलो. बाईंकडून कळलं, पलंग दोनदा रिकामा झाला होता. दोन्ही वेळा बाईंनी आधी ताईलाच विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "आज दुसऱ्या कुणाला द्या, मी उद्या करते फोन."

"मग तिचं नाव अजून ठेवलंत कशाला?"

"रोज करतेय ना फोन. आणि काल म्हणाली, माझा भाऊ भांडायला येईल, त्याला हे सांगा. मला सांगवत नाही."

घरी आलो. ताई दारातच होती. "सांगितलं त्यांनी?"
"हो."
"भीती वाटते रे."
"मलापण," म्हटलं.

मग आत जाऊन भावजींना उठवलं. म्हटलं, गाडी नको, रोज फोन करतेय ती.